एक्केचाळीस वगळून

प्रोफेसर लेलंड व्होंड्राचेक भित्रे आहेत. हे मी त्यांच्या पाठीमागे सांगत नाही. सव्वीस वर्षांत शंभरदा तोंडावर सांगून झालंय. आमच्याकडे दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी वादळाचा इशारा देणारा भोंगा वाजवून बघतात, चालतो की नाही एवढंच तपासायला. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. तरी प्रोफेसर हातातलं काम टाकून, डोक्यावर हॅट चढवून तळघरात जाऊन उभे राहायचे आणि भोंगा थांबला की मुकाट वर यायचे. "सराव असलेला बरा," असं वर मलाच ऐकवायचे.

पण त्यांची खरी भीती वेगळी होती, आणि ती काय आहे हे त्यांच्याखेरीज फक्त मला माहीत होतं. ती भीती ज्या दोन ओळींतून निघाली त्या ओळी मी टाइप केल्या होत्या, आणि मीच त्या काढून टाकल्या होत्या.

मी आर्लिस ब्रेके. १९७३ साली, चोविसाव्या वर्षी, विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागात टायपिस्ट म्हणून लागले. साधी टायपिस्ट नव्हे, गणिती सूत्रांची. टाइपरायटरमधला अक्षरांचा गोळा काढायचा, ग्रीक अक्षरांचा बसवायचा, एक अक्षर उमटवायचं, की पुन्हा पहिला गोळा. एका ओळीत असं दहा-अकरा वेळा. आणि बीटा या ग्रीक अक्षराच्या डोक्यावर टोपी, दोन तिरप्या रेघांची. ती टाइपरायटरवर नसायची, मी काळ्या शाईच्या पेनने हाताने काढायचे. पहिल्याच आठवड्यात मी वैतागून विचारलं, "ही टोपी कशाला लागते हो?"

"खरा आकडा आपल्याला कधीच दिसत नाही, आर्लिस," प्रोफेसर म्हणाले. "आपल्याला दिसतो तो आपला अंदाज. टोपी असली की समजायचं, हा अंदाज आहे. टोपी विसरलीस तर लोक त्यालाच खरा धरून चालतील."

मी नोकरीत एकही टोपी विसरले नाही.

ते तेव्हा तेहतीस वर्षांचे होते, उंच, पाठीत वाकलेले, आणि अजून नोकरीत कायम झालेले नव्हते. इथून तासाभरावर चेक वंशाच्या शेतकऱ्यांची वस्ती आहे, तिथले ते. दर सोमवारी आईने केलेले कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, घेऊन यायचे आणि मला दोन द्यायचे. एकदा कोलाचे खाता खाता त्यांनी मला त्यांच्या वडलांची गोष्ट सांगितली. १९५१ च्या जुलैत, प्रोफेसर अकरा वर्षांचे असताना, वडलांनी गवत कापून गोठ्यावरच्या माळ्यावर भरलं. मध्ये एक सर येऊन गेली होती. ओलसर गवत दडपून भरलं की आतल्या आत तापतं, हे आमच्याकडे सगळे जाणतात. म्हणून वडील रोज माळ्यावर चढून गवतात खांद्यापर्यंत हात घालून बघायचे आणि खाली येऊन सांगायचे, "थंड आहे." नवव्या दिवशी भर दुपारी गोठा पेटला. सहा गाई गेल्या. गाई सोडवताना वडलांचा उजवा हात भाजला तो पुन्हा सरळ झाला नाही.

"मरेपर्यंत एकच म्हणायचे," प्रोफेसर म्हणाले. "हात पोचत होता तिथे सगळीकडे बघितलं होतं मी."

अंदाज किती चुकू शकतो हे शोधण्यात या माणसाने आयुष्य घातलं, ते त्या दुपारमुळे, असं माझं मत आहे. त्यांना विचाराल तर ते मक्याचं नाव सांगतील. मक्याचा भाव चढला की शेतकरी मका जास्त पेरतो, पण मका जास्त पिकला की भाव उतरतो. मग भावामुळे पेरणी किती वाढली, हे वेगळं काढायचं कसं? यासाठी त्यांनी अंदाजाची एक रीत बसवली. कॉम्प्युटर आधी एक आकडा धरतो, त्यावरून दुसरा काढतो, त्यावरून तिसरा, आणि पायरी पायरीने आकडा एका जागी स्थिरावतो. स्थिरावला की तोच अंदाज.

ही रीत बरोबर चालते का, हे तपासायचं तर खोटी माहिती तयार करायची. तिचं खरं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असतं. रीतीला ते सापडतं का बघायचं. असं प्रोफेसरांनी पाचशे वेळा केलं. हिरव्या पट्ट्यांचे रुंद कागद थप्पीने यायचे. चारशे एकोणसाठ वेळा आकडा छान स्थिरावला, खऱ्या उत्तराच्या अगदी शेजारी. एक्केचाळीस वेळा तो स्थिरावलाच नाही. एकदा वर, एकदा खाली, प्रत्येक पायरीला आणखी लांब. प्रोफेसरांनी चारशे एकोणसाठचा तक्ता केला आणि खाली सातवी तळटीप लिहिली: "पाचशेपैकी एक्केचाळीस फेऱ्यांत आकडा स्थिरावला नाही. त्या फेऱ्या वगळून हा तक्ता केला आहे."

मी ती टाइप केली, लेख गेला, आणि मार्चमध्ये संपादकांचं पत्र आलं. लेख उत्तम आहे, तीन पानं कमी करा. प्रोफेसर माझ्या टेबलाशी उभे राहून लाल पेन्सिलीने तळटिपा खोडायला लागले.

"सातवी पण?" मी विचारलं.

"ती मशीनची चूक आहे गं. कॉम्प्युटर दशांशाची घरं कमी धरतो, त्यामुळे घसरतं. रीतीचा दोष नाही तो."

"मग तसं लिहा की."

"जागा नाही, आर्लिस."

"दोन ओळी आहेत, प्रोफेसर. मी समास कमी करून बसवते."

मे महिन्यात त्यांच्या कायम होण्याचं ठरणार होतं, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. लाल रेघ मारताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी पान पुन्हा टाइप केलं. दोन ओळी गेल्या हे कुणाच्या लक्षातही येणार नाही इतकं सुबक केलं, आणि तेव्हा मला त्याचा अभिमानही वाटला.

लेख छापून आला, प्रोफेसर कायम झाले. दोन वर्षांनी विभागात नवं मशीन आलं, दशांशाची दुप्पट घरं धरणारं. प्रोफेसरांनी जुन्या पाचशे फेऱ्या त्यावर पुन्हा चालवल्या. सकाळी अकराला ते खाली गेले आणि जेवायच्या सुट्टीत माझ्या खोलीत आले ते पांढरेफटक होऊन.

"तेच एक्केचाळीस," ते म्हणाले. "नेमके तेच. मशीनचा काही संबंध नाही."

जिथे माहिती तुटपुंजी होती, जिथे रीतीने "मला माहीत नाही" म्हणायला हवं होतं, तिथेच ती घसरत होती. ते एक्केचाळीस धरले तर रीत जितकी छातीठोक सांगते त्याच्या निम्मंही तिला सांगता येत नव्हतं.

"मग संपादकांना कळवा," मी म्हटलं. "लगेच टाइप करते."

"कळवतो. आधी नीट खात्री करतो."

खात्री करण्यात वीस वर्षं गेली. तेवढ्यात रीत विक्रीच्या तयार प्रोग्रॅममध्ये जाऊन बसली होती. बटण दाबलं की व्होंड्राचेकचा आकडा. आकडा स्थिरावला नाही तर प्रोग्रॅम काय करायचा? वीस पायऱ्या झाल्या की थांबायचा आणि विसाव्या पायरीला जो आकडा असेल तो छापून द्यायचा. ना सूचना, ना टोपी. इतर प्रोफेसर मासिक आलं की आपलं नाव कुठे आलंय ते हौसेने शोधतात. आमचे प्रोफेसर आपलं नाव कुठेही नसू दे म्हणून पानं उलटायचे, आणि ते प्रत्येक अंकात असायचं. टपालातलं प्रत्येक जाड पाकीट ते आधी मला उघडायला लावायचे. त्या एक्केचाळीस फेऱ्यांचे कागद त्यांनी एका खोक्यात ठेवले होते. तीनदा ऑफिस बदललं, तिन्ही वेळा ते खोकं त्यांनी स्वतः उचललं. हमालांना हात लावू दिला नाही.

"जाळून टाका नाहीतर छापून टाका," मी एकदा चिडून म्हटलं. "असं अंडं उबवल्यासारखं काय बसता त्यावर?"

"कुणाचं काही बिघडलेलं नाही ना, आर्लिस. मक्याचे आकडे आहेत. चार एकर इकडे, चार एकर तिकडे."

हे त्यांचं पालुपद होतं. १९९७ च्या सप्टेंबरात ते बंद झालं.

आमच्या विभागात रेनाटा ओकोन्स्की म्हणून तरुण प्राध्यापक होती. मिलवॉकीची, हुशार, बोलायला चटपटीत, आणि त्या हिवाळ्यात तिच्या कायम होण्याचं ठरायचं होतं. राज्याने नेमलेल्या समितीने तिला एक काम दिलं होतं: लहान हॉस्पिटलांतली प्रसूतिगृहं बंद केली आणि बाळंतिणींना लांबच्या हॉस्पिटलात जावं लागलं, तर बाळांचा धोका किती वाढेल? ज्यांना भीती असते त्या बायका आधीच शहरात जाऊन राहतात, त्यामुळे सरळ मोजणी फसते. म्हणून तिने व्होंड्राचेकची रीत वापरली. अहवालाचा मसुदा तिने मोठ्या अभिमानाने प्रोफेसरांना आणून दिला. टिलमन काउंटी आणि तिच्यासारख्या विरळ वस्तीच्या काउंट्यांपुढे आकडा होता: शून्याच्या जवळ. म्हणजे धोका वाढत नाही.

टिलमन काउंटीत माझ्या बहिणीची मुलगी जोलीन राहायची. नवऱ्याचं डुकरांचं फार्म. तेवीस वर्षांची पोर, पहिलटकरीण, फेब्रुवारीची तारीख दिलेली. तिथलं प्रसूतिगृह बंद झालं तर पुढचं हॉस्पिटल एकसष्ट मैलांवर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोफेसरांनी मला खोलीत बोलावून दार लावून घेतलं. चोवीस वर्षांत त्यांनी ते दार कधी लावलं नव्हतं.

"रेनाटाची माहिती मी पायरी पायरीने चालवलीय," ते म्हणाले. "तू आकडे वाच. मी कागदावर खुणा करतो. मला एकट्याने बघायचं नाही."

मी वाचत गेले. पाचवी पायरी, सहावी, सातवी. त्यांची पेन्सिल शून्याच्या रेघेच्या वर जायची, मग खाली, मग आणखी वर. अठराव्या पायरीला धोका तिप्पट होता. एकोणिसाव्याला रेघेच्या इतका खाली की त्याला काही अर्थच नव्हता. विसाव्याला शून्य.

"एकविसावी वाच," ते म्हणाले.

एकविसाव्याला धोका पाचपट होता. विसाव्या पायरीला आकडा नुसता शून्यावरून चालला होता, आणि प्रोग्रॅमने त्याला तिथेच धरला होता.

"समिती कधी ठरवणार?"

"दहा ऑक्टोबरला."

"म्हणजे तीन आठवडे आहेत. आत्ता उठा आणि रेनाटाला सांगा."

"सांगतो."

ते उठले, तिच्या दारापर्यंत गेले, मूठ वळवून हात वर केला, आणि दार न ठोठावता परत आले. मी त्यांच्या खोलीच्या दारातून बघत होते. हसावं की रडावं मला कळेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "तिची कायम व्हायची फाइल जाणार आहे. तिचं सगळं काम माझ्या रीतीवर उभं आहे. मी तोंड उघडलं तर तिचं काय होईल?"

"नाव तिचं घेताय, पण घाबरताय स्वतःसाठी," मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले. इतकं सरळ बोलले की माझा राग तिथेच बसला.

मी का नाही सांगितलं? हा प्रश्न मला अजून कुणी विचारलेला नाही, मीच मला विचारते. मी स्वतःची समजूत काढली की टायपिस्टचं कोण ऐकणार. पण तळटीप कुणी काढली असं विचारलं असतं तर? मलाही माझी नोकरी होती, आणि त्या सुबक पानाची मला आता भीती वाटत होती. बहिणीशी फोनवर बोलताना मी हवापाण्याच्या गप्पा मारायचे आणि जोलीनचा विषय निघाला की काहीतरी निमित्त काढून फोन ठेवायचे. दहा ऑक्टोबर आला आणि गेला. समितीने पाच प्रसूतिगृहं बंद करायचं ठरवलं. टिलमनचं एकतीस डिसेंबरला.

त्या दिवसापासून प्रोफेसरांनी जेवण सोडल्यात जमा होतं. शेवटी तेरा नोव्हेंबरच्या गुरुवारी दुपारी विभागाच्या नेहमीच्या चर्चेला ते खोकं हातात घेऊन आले. मला म्हणाले, "तू पण आत ये. मागे बस. मला कुणीतरी ओळखीचं दिसू दे."

"हे सगळे ओळखीचेच आहेत की."

"नाहीत," ते म्हणाले.

वीस-बावीस माणसं होती. प्रोफेसरांनी खोकं टेबलावर ठेवलं, झाकण काढलं आणि सगळं सांगितलं. एक्केचाळीस, सातवी तळटीप, नवं मशीन, वीस वर्षं. आवाज इतका कापत होता की मी मागे बसून स्वतःचीच बोटं पिरगाळत होते. टिलमनचा कागद त्यांनी सगळ्यांना दाखवला आणि खाली बसले. घाम पुसायला रुमाल काढला तो त्यांना खिशात परत ठेवता येईना.

मग विभागप्रमुख गेलर्ड स्टुबे खुर्चीत मागे रेलले आणि हसले. वाईट हसले नाहीत, प्रेमानेच हसले.

"अरे लेलंड, एवढंच होय? मी माझ्या प्रबंधात साठ टाकल्या होत्या. कोण टाकत नाही?"

"मी तर मोजल्यापण नाहीत," दुसरा एक जण म्हणाला, आणि सगळे हसले.

"न स्थिरावलेल्या धरायच्या म्हटल्या तर कुणाचंच काही छापून यायचं नाही," स्टुबे म्हणाले. "तुझी रीत चांगली आहे. वीस वर्षं हे पोटात घेऊन बसलास? धन्य आहे बाबा तुझी! चल, केक आणलाय."

मी प्रोफेसरांकडे बघितलं. माझी कल्पना होती की त्यांना हायसं वाटलं असेल. पण मी त्यांना इतकं घाबरलेलं कधीच पाहिलं नव्हतं, तळघरातसुद्धा नाही. आपल्याला पकडतील म्हणून हा माणूस वीस वर्षं झुरला, आणि पकडायला कुणी नव्हतंच.

रेनाटा एकटी हसली नव्हती. केक न खाता ती आमच्याकडे आली. "लेलंड, टिलमनचं हे तुम्हाला कधी कळलं?"

"सप्टेंबरात."

तिने डोळे मिटले. "सप्टेंबरात मला सांगितलं असतं तर मी मसुदा परत घेतला असता. आता ठराव झालाय."

"तुझी फाइल..."

"माझ्या फाइलीचं मी बघितलं असतं हो!" ती इतक्या जोरात म्हणाली की केककडची माणसं वळून बघायला लागली.

तिने त्याच दिवशी समितीला पत्र लिहिलं, प्रोफेसरांनीही सही केली. उत्तर आलं डिसेंबरात, अगदी नम्र: टिलमनच्या नर्सबायांनी दुसरीकडे नोकऱ्या धरल्या आहेत, डॉक्टर गेले आहेत, वर्षाअखेर आढावा घेऊच.

जानेवारीच्या बावीस तारखेला सकाळपासून बर्फाचं वादळ होतं. पावणेचारला माझ्या टेबलावरचा फोन वाजला. बहिणीचा आवाज ओळखू येत नव्हता. जोलीनला पाच आठवडे आधीच कळा सुरू झाल्या. नवऱ्याने, डॅरेलने, तिला गाडीत घातलं. बत्तिसाव्या मैलावर गाडी बर्फात रुतली. मूल गाडीतच झालं. त्याने डुकरिणींची दोनशे बाळंतपणं केली असतील हाताने, पण बाळाच्या गळ्याभोवतीची नाळ त्याला वेळेत काढता आली नाही. मुलगी होती. जोलीन वाचली. त्यांनी तिचं नाव ठेवलं सिग्ने, आमच्या आजीचं, कारण दफन करायला नाव लागतं.

मी फोन ठेवला, कोट घातला आणि प्रोफेसरांच्या दारावरून त्यांच्याकडे न बघता निघून गेले. तीन आठवडे मी त्यांच्याशी बोलले नाही. बोलले असते तर काय बोलले असते कोण जाणे.

चौथ्या रविवारी चर्चहून आले तर ते माझ्या दाराच्या पायरीवर उभे होते, हातात कोलाच्यांचा डबा. बुटांवर बर्फ साचलं होतं. घंटा वाजवायची हिंमत झाली नव्हती.

"किती वेळ उभे आहात?"

"माहीत नाही."

"सप्टेंबरात बोलला असता तर..." मी म्हटलं आणि पुढचं बोलवेना. ते रडत होते. मोठा माणूस पायरीवर डबा धरून रडत होता, शेजारचे लोक खिडकीतून बघत होते.

"आत या," मी म्हटलं. "तुमचा एकट्याचा हात नव्हता त्यात. टाइप मी केलं होतं."

रेनाटा त्या वसंतात कायम झाली. कुणाला काही वाटलंच नव्हतं ना. आणि पुढच्या फेब्रुवारीत समितीचा आढावा आला. टिलमन काउंटी, वर्ष १९९८: बाळंतपणं चौतीस, दगावलेली बाळं शून्य.

शून्य. मी तो आकडा बोटाने दाबून बघितला, जणू शाई ओली असावी.

प्रोफेसर मोठ्या रस्त्यावर गाडी घालत नाहीत. वेगवान ट्रक्सना घाबरतात. त्या सोमवारी ते गाडी काढून एकटे टिलमनच्या कचेरीत गेले, जन्म-मृत्यूचं रजिस्टर मागितलं आणि दिवसभर बसून एक एक नाव उतरवलं. मंगळवारी माझ्यापुढे कागद ठेवला.

"सात बाळंतपणं रस्त्यात झाली, आर्लिस. गाडीत, एक पेट्रोल पंपावर. समितीने हॉस्पिटलच्या नोंदी घेतल्या. ही हॉस्पिटलात झाली नाहीत, म्हणून तक्त्यात नाहीत."

सातांत तिसरं नाव आमचं होतं.

"वगळली," मी म्हटलं.

"हात पोचला तिथे सगळीकडे बघितलंय त्यांनी," ते म्हणाले.

मग त्यांनी आणि रेनाटाने दोन पानांची दुरुस्ती लिहिली, ज्या मासिकात चोवीस-पंचवीस वर्षांपूर्वी लेख आला होता त्याच मासिकासाठी. एक्केचाळीस फेऱ्या, टिलमनचा कागद, समितीचा तक्ता, सगळं. तळटीप एकच होती, पण तिला सात हा क्रमांक प्रोफेसरांनी दिला. संपादक आता नवे होते. त्यांचं पत्र परवा आलं. दुरुस्ती छापू, मात्र जागेची अडचण आहे. तळटीप लेखाच्या विषयाशी थेट निगडित नाही, ती काढावी.

स्टुबे साहेबांनी वाचून खांदे उडवले. "छापतायत ना? मग काढून टाक. आख्खी दुरुस्ती गेली तर काय करशील? तुझं नाव धुळीला मिळवून वर हातात काहीच नाही."

प्रोफेसर पत्र घेऊन माझ्या खोलीत आले. आता कॉम्प्युटरवर सगळे स्वतःच टाइप करतात. माझा टाइपरायटर आठ वर्षं कपाटात आहे. त्यांनी तो कपाटातून काढून टेबलावर ठेवला.

"टाइप कर," ते म्हणाले.

"भीती वाटतेय?"

"फार."

"सातवी पण?" मी विचारलं.

"सातवी आधी. ती नसेल तर काहीच छापू नका असं खाली लिही."

मी कागद चढवला. "टिलमन काउंटीत १९९८ साली रस्त्यात झालेली सात बाळंतपणं या तक्त्यात धरलेली नाहीत. त्यांतली एक मुलगी, सिग्ने, जगली नाही." ते मागे उभे राहून अक्षर न अक्षर वाचत होते. मग मी वरचा तक्ता टाइप केला, जसा समितीने दिला होता तसाच. चौतीस. शून्य. कागद काढला, काळ्या शाईचं पेन घेतलं, आणि त्या शून्याच्या डोक्यावर टोपी काढली.